कंटेनर उघडण्याआधी

अण्णा नगरच्या पार्कमधला विश्वेश्वरय्या टॉवर १९६८ साली इथे भरलेल्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी बांधला गेला. मेळा आटोपला आणि त्या जागेभोवती चेन्नईचं हे आखीव उपनगर वाढत गेलं. पश्चिमेला अंबत्तूरची औद्योगिक वसाहत त्याच्याही आधीची, १९६४ची. पूर्वेला बंदर. मी मूळची तासगावची, लग्नानंतर इथे आले आणि एका कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात कामाला लागले. टायपिंग करता करता परीक्षा दिली, कस्टमचं काम करण्याची मुभा देणारं जी कार्ड मिळालं, आणि राजाजी सालैवरच्या कस्टम हाऊसमध्ये फायली घेऊन जिने चढणं हाच दिनक्रम झाला. आता त्यातल्या बहुतेक फायली नाहीशा झाल्या आहेत. शनिवारी घरी माणसं येतात ती मात्र अजून तोच प्रश्न घेऊन येतात, "अक्का, कंटेनर अडकलाय, काहीतरी करा." यातले बहुतेक जण लहान कारखानदार, दुकानदार. त्यांना वेळोवेळी जे सांगत आले, ते एकदा सलग लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

१. तपासणी जहाज लागण्याआधी सुरू होते

अंबत्तूरच्या एका कारखानदाराने तैवानहून आपल्या लेथसाठी सुटे भाग मागवले होते. इन्व्हॉइसवर एकच ओळ, 'मशिनरी पार्ट्स', पुढे वजन आणि किंमत. त्यांच्या मते विषय तिथे संपला होता. मी पॅकिंग लिस्ट मागितली आणि एकेका खोक्यात काय आहे ते विचारत गेले. निघालं ते असं: बॉल बेअरिंग, रबरी गॅस्केट, पोलादी स्क्रू आणि थोडे त्या लेथसाठीच घडवलेले भाग. बेअरिंग कुठल्याही यंत्रात बसो, ती शुल्कसूचीतल्या ८४८२ या हेडिंगखालीच जाते. रबराचं गॅस्केट ४०१६, पोलादी स्क्रू ७३१८, आणि लेथचे खास भाग ८४६६. म्हणजे एका ओळीच्या पोटात चार हेडिंगं होती, आणि प्रत्येकाचा शुल्काचा दर, प्रत्येकाच्या अटी स्वतंत्र.

ही चार हेडिंगं आधीच सुटी केली नसती, तर अधिकाऱ्याने क्वेरी काढलीच असती आणि काढायलाच हवी होती. मग तैवानला ईमेल, तिथली सुट्टी, अर्धवट उत्तर, पुन्हा ईमेल. तोवर कंटेनर यार्डात उभा आणि रोजचं भाडं चालू. कस्टमची तपासणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कंटेनरचं दार तोडून माल बाहेर काढणारे मजूर येतात. प्रत्यक्षात तपासणीचा मोठा भाग वर्णनाच्या त्या एका ओळीत असतो.

कायदाही याच दिशेने सरकत आला आहे. २०११ पासून शुल्क स्वतः आकारायची जबाबदारी आयातदारावर आली. २०२१ साली सीमाशुल्क कायद्याचं कलम ४६ बदललं आणि जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरणं बंधनकारक झालं. तीस दिवस आधीही ते भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, त्यापुढे रोज १०,००० रुपये. मोठ्या कंपनीला हा आकडा जाणवत नाही, पण दोन-चार लाखांचा माल मागवणाऱ्याचा नफा एका आठवड्यात संपतो. म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला मी आधी विचारते, माल जहाजावर चढलाय का? चढला नसेल तर अजून सगळं दुरुस्त करता येतं. पुरवठादाराला सांगून इन्व्हॉइस ओळीओळीने नीट करून घेता येतं, कॅटलॉग मागवता येतो, यंत्राच्या नावाच्या पट्टीचा फोटो मागवता येतो. जहाज समुद्रात असताना जो वेळ मिळतो तो फुकटचा असतो, आणि बंदरावर मात्र एकेका तासाला पैसे मोजावे लागतात. हा हिशेब लोकांना पटायला वेळ लागतो. एकदा पटला की मग ते माझ्याकडे येत नाहीत, आणि मला त्याचा आनंद आहे.

२. 'आमचाच कंटेनर का?' याचं उत्तर कुणी देणार नाही

आमच्या पिढीने महाराष्ट्रात जकात नाके पाहिले आहेत. मुलुंडला, दहिसरला ट्रकांच्या रांगा किती लांब जायच्या! प्रत्येक गाडी थांबायची, प्रत्येक पावती तपासली जायची. सगळ्यांना थांबवलं की काम कडक झालं, असा त्यामागचा विचार. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. सगळ्यांना अडवून फार थोडं सापडतं, हे तोवर बहुतेकांना कळून चुकलं होतं.

सीमाशुल्क खात्याने हा बदल त्याआधीच सुरू केला होता. २००५ साली जोखीम व्यवस्थापन प्रणाली आली, सगळे तिला आरएमएस म्हणतात. बिल ऑफ एंट्री संगणकात गेलं की प्रणाली ठरवते. हे जाऊ द्या, याचे कागद पाहा, हा कंटेनर उघडा. आयातदार कोण, माल कोणता, कुठून आला, किंमत नेहमीसारखी आहे का, आधी कधी गडबड सापडली आहे का, असं बरंच काही त्यात जमेस धरलं जातं. शिवाय काही कंटेनर काहीही कारण नसताना निवडले जातात, आणि ते तसेच निवडले गेले पाहिजेत. निवड कशी होते हे सगळ्यांना कळलं तर चुकवणारा ते पहिला शिकेल.

नवीन आयातदाराचा माल जास्त वेळा उघडला जातो, कारण त्याच्याबद्दल प्रणालीला काहीच माहीत नसतं. याचा राग येतो, मला समजतं. पण पहिल्या काही खेपा स्वच्छ गेल्या की फरक जाणवतो. धीर धरून कागद स्वच्छ ठेवणं, एवढंच त्यावरचं काम आहे.

३. अधिकारी दिसत नसेल तर कागदाने बोललं पाहिजे

८ जून २०२० या दिवशी चेन्नई आणि बेंगळुरूत फेसलेस असेसमेंट सुरू झालं. देशात पहिलं इथेच, आणि सुरुवात ८४ आणि ८५ या प्रकरणांच्या मालापासून, म्हणजे यंत्रं आणि विजेची उपकरणं. ३१ ऑक्टोबर २०२० पासून ते देशभर लागू झालं. चेन्नई बंदरात उतरलेल्या मालाची कागदपत्रं आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. तो कोण, हे आयातदाराला कळत नाही, आणि आयातदाराशी त्याची ओळखदेख नसते. मालाच्या प्रकारानुसार राष्ट्रीय असेसमेंट केंद्रं नेमली आहेत, म्हणजे त्याच मालावर एका बंदरात एक आणि दुसऱ्या बंदरात वेगळा निर्णय होऊ नये.

ते दिवस टाळेबंदीचे होते. आम्ही घरातून काम करत होतो आणि सगळे धास्तावलेले होतो. माझे एक जुने सहकारी, आयुष्यभर कस्टम हाऊसच्या कॉरिडॉरमध्ये वावरलेले, म्हणाले, "सरांसमोर उभं राहून दोन मिनिटांत समजावलं असतं. आता चौकटीत टाइप करून कसं समजवायचं?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. एखादं यंत्र हातात धरून दाखवता येतं, तेच लिहून सांगायला वेगळं कसब लागतं. सुरुवातीच्या महिन्यांत एकामागून एक क्वेरी येत होत्या. उत्तर दिलं की त्यावर दुसरी. कधी कधी इन्व्हॉइसवर स्पष्ट लिहिलेलंच पुन्हा विचारलेलं असायचं.

पण त्यातून आम्ही लिहायला शिकलो. यंत्र काय करतं, कशावर चालतं, कुठे बसवलं जातं, ते एकटं वापरता येतं की दुसऱ्याचा भाग म्हणूनच, एवढ्या चार गोष्टी साध्या वाक्यांत लिहून ई-संचित या कागदपत्रांच्या ऑनलाइन प्रणालीवर कॅटलॉगसह चढवल्या की निम्म्या क्वेरी येतच नाहीत. आमच्याकडची नवी मुलं हे फार छान करतात. एका मुलीने तर प्रत्येक यंत्रासाठी अर्ध्या पानाची टिप्पणी तयार ठेवायची पद्धतच पाडली.

मी या पद्धतीच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. ज्याची कुणाशी ओळख नाही, ज्याला 'आत' कुणी विचारत नाही, अशा माणसाला तिथे सगळ्यांइतकाच मान मिळतो. पूर्वी मला ज्या मजल्यावर सहज जाता यायचं, तिथे अंबत्तूरचा कारखानदार एकटा जायला घाबरायचा. त्या भीतीवर आमचा धंदा काही प्रमाणात उभा होता. ती भीती गेली ते बरं झालं. मात्र चेहरा लपवताना जबाबदारी लपता कामा नये. दुसरी, तिसरी क्वेरी का काढली हे कुणीतरी वरून पाहिलं पाहिजे. न पटणाऱ्या निर्णयावर दाद मागायला कस्टमच्या तुरंत सुविधा केंद्रात किंवा फोनवर खरोखर बोलणारा माणूस हवा. काम थांबलंय आणि कुणाला विचारायचं तेच कळत नाही, ही अवस्था मी लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिली आहे. लहान माणूस त्या अवस्थेत काहीही भरून मोकळा होतो, जादा शुल्कसुद्धा, केवळ सुटका व्हावी म्हणून.

४. स्कॅनरला घनता दिसते

एक्स-रे स्कॅनरमधून कंटेनर गेला की पडद्यावर दाट-विरळ छटा उमटतात. एकाच प्रकारचा माल असेल, म्हणजे तांदळाची पोती, टाइल्स, कागदाची रिळं, तर मधेच वेगळं काही ठेवलेलं ओळखू येतं. भांडी, खेळणी, दिवे, चपला असा मिसळलेला माल असेल तर चित्राचा गुंता होतो आणि वाचणाऱ्याच्या अनुभवावर सगळं येऊन थांबतं. नव्या यंत्राच्या बातमीत किंमत छापतात. ते चित्र वाचणाऱ्याला किती प्रशिक्षण दिलं, त्याची किती वर्षांत बदली होते, हे कुठे छापलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. माझ्या मते खरा खर्च तिथे व्हायला हवा.

५. माल सुटतो, लाकूड अडकतं

हे ऐकून नवखे लोक चकित होतात. यंत्राची कागदपत्रं चोख, शुल्क भरलेलं, आणि कंटेनर अडला तो यंत्राखालच्या लाकडी पॅलेटमुळे. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि तिथली जंगलं पोखरतात, म्हणून लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसपीएम १५. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं किंवा धुरी द्यायची, आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची अक्षरं असलेला शिक्का मारायचा. शिक्का नाही, पुसट आहे किंवा पॅलेटच्या एकाच बाजूला आहे आणि ती बाजू आत गेली आहे, की झालं. मग धुरी, पुन्हा तपासणी, पुन्हा तारीख.

मी पुरवठादाराकडून कंटेनर भरतानाचे फोटो मागवते आणि त्यात मालाच्या आधी लाकूड पाहते. प्लायवुड किंवा प्लास्टिकचं पॅलेट वापरता आलं तर तो प्रश्नच उरत नाही, कारण प्लायवुड तयार होतानाच तापवून दाबलेलं असतं.

यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. सीमेवर फक्त कस्टम नसतं. खाण्याचं असेल तर एफएसएसएआय, झाडपाला असेल तर प्लांट क्वारंटाइन, औषध असेल तर औषध नियंत्रक, प्राण्यांपासूनचं काही असेल तर वेगळं खातं. १ एप्रिल २०१६ पासून हे सगळे अर्ज एकाच खिडकीतून जातात, स्विफ्टमधून. पूर्वी प्रत्येकाच्या दारात वेगळी फाईल घेऊन जावं लागे, त्यामानाने हा केवढा तरी दिलासा. पण खिडकी एक झाली तरी तिच्यामागे बसलेले हात वेगवेगळेच आहेत. नमुना काढायला येणारा माणूस एकच असतो आणि त्याला तीन यार्डांत जायचं असतं. प्रयोगशाळेला लागणारे दिवस संगणकाने कमी होत नाहीत. मसाले, सुका मेवा मागवणाऱ्यांना मी सांगते, तुमच्या मालाचा वेळ कस्टमवर धरू नका, प्रयोगशाळेवर धरा. कंटेनर उघडायचाच असेल तर कस्टम, क्वारंटाइन आणि अन्नसुरक्षा या तिघांनी एकाच दिवशी एकत्र येऊन तो एकदाच उघडावा, ही मागणी आम्ही ब्रोकर मंडळी करत आलो आहोत. दर वेळी दार उघडणं, माल उतरवणं, पुन्हा भरणं याचे मजुरीचे पैसे आयातदारच भरतो आणि त्यात माल फुटतो तोही त्याचाच.

६. सील कुणाच्या हातात, यावरून विश्वास कळतो

निर्यातीचा माल कारखान्यात कंटेनरमध्ये भरायचा तर पूर्वी केंद्रीय अबकारी खात्याचा अधिकारी समोर हवा असे. तो येणार, माल भरताना पाहणार, आपलं सील लावणार. त्याची गाडी, त्याची वेळ, त्याची सुट्टी, या सगळ्यांभोवती कारखान्याचं वेळापत्रक फिरायचं. संध्याकाळी माल तयार झाला तरी सकाळपर्यंत थांबायचं आणि जहाजाचा कटऑफ निघून जायचा. २०१७ साली ही पद्धत गेली. परवानगी घेतलेला निर्यातदार स्वतःच आरएफआयडी सील लावतो, त्याचा क्रमांक आणि वेळ संगणकात भरतो. बंदरात रीडर ते सील वाचतो. जुळलं तर गाडी पुढे, छेडछाड दिसली तर कंटेनर उघडणार. सहीच्या जागी नोंद आली, आणि नोंद नंतर कधीही काढून पाहता येते.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण माझ्या माहेरच्या द्राक्षांनी हेच आधी करून दाखवलं होतं. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अवशेष सापडले आणि बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं. रॉटरडॅमच्या धक्क्यावर माल नाकारला गेला की तो परत आणण्यात अर्थ नसतो, द्राक्ष तेवढं टिकत नाही. त्या फटक्यानंतर कृषी निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने ग्रेपनेट उभं केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, फवारणीची वही, तोडणीआधी नमुना काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोचता येईल अशी साखळी. तासगाव, मिरज, नाशिककडच्या शेतकऱ्यांनी त्या वेळी वही लिहिण्याचा कंटाळा केला नाही. माझे मामा चष्मा लावून फवारणीची तारीख लिहायचे, औषधाचं नाव मुलीकडून वाचून घ्यायचे. आज युरोपातला खरेदीदार भारतीय द्राक्ष घेतो तेव्हा त्याचा भरवसा त्या वहीवर असतो. तपासणी बागेत झालेली असते, म्हणून धक्क्यावर ती थोडक्यात आटोपते. यंत्रं आणि कायदे बदलण्याआधी एका पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी हा बदल केला, हे मी चेन्नईत जिथे तिथे सांगते.

७. आऊट ऑफ चार्ज मिळालं तरी घड्याळ थांबत नाही

सीमाशुल्क खातं दरवर्षी राष्ट्रीय टाइम रिलीज स्टडी करतं. जानेवारी २०२३च्या पहिल्या आठवड्यातल्या मालावर झालेल्या अभ्यासात समुद्री बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी ८५ तास ४२ मिनिटं लागली, विमानतळांवर ४४ तास १६ मिनिटं. आदल्या वर्षापेक्षा बंदरांचा वेळ ९ टक्क्यांनी घटला होता. बंदरांसाठी ठेवलेलं उद्दिष्ट ४८ तासांचं. खात्याने स्वतःचा वेळ मोजून तो जाहीर करावा, ही फार मोलाची गोष्ट आहे. ज्यांनी आगाऊ बिल भरलं, ज्यांच्या मालाला आरएमएसने तपासणीशिवाय सोडलं आणि ज्यांना भरवशाचा व्यापारी म्हणून एईओ दर्जा आहे, त्यांचा माल लवकर सुटतो, हेही त्यात स्पष्ट दिसलं.

पण हे घड्याळ माल बंदरात आल्यापासून आऊट ऑफ चार्जपर्यंत, म्हणजे कस्टमने माल सोडण्याच्या आदेशापर्यंत, चालतं. आयातदाराचं घड्याळ त्यानंतरही चालूच असतं. शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर घ्यायची असते. ट्रेलर मिळायला हवा. उत्तर चेन्नईचे रस्ते, शहरात अवजड गाड्यांना दिवसा असलेली बंदी, बंदराच्या दारावरची रांग. तिरुवोट्टियूर आणि मणलीच्या बाजूला रस्त्याकडेला ट्रेलर उभे करून केबिनमध्ये झोपलेले चालक ज्याने पाहिले आहेत, त्याला कागदावर वाचलेल्या तासांचं पुढे काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि या वाटेवर दोन वेगळे मीटर चालतात. यार्डात माल पडून राहिल्याचं डेमरेज, आणि कंटेनर वेळेत रिकामा करून परत न दिल्याचं डिटेन्शन. पहिलं जागेचं, दुसरं लोखंडी पेटीचं. लोक पहिलं धरून चालतात आणि दुसऱ्याने हैराण होतात. फ्री दिवस किती आहेत हे बुकिंग करतानाच पुरवठादाराशी बोलून वाढवून घ्यावं. माल आल्यावर शिपिंग लाइन ऐकत नाही.

न्हावा शेवाला २०१६ पासून डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीला जोर आला, म्हणजे माल बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, सीएफएसमध्ये, न नेता थेट टर्मिनलवरून कारखान्यात. ही सोय इकडेही आली. ज्याचा ट्रेलर तयार, शुल्काचे पैसे तयार आणि गोदामात जागा तयार, त्याला ती वरदान आहे. ज्याचं यातलं एक जरी तयार नाही त्याने तिच्या मागे लागू नये.

८. जो कंटेनर उघडायला हवा तो उघडलाच पाहिजे

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला. दुसऱ्याच दिवशी चेन्नईत सगळ्यांना मणली आठवली. तिथल्या एका सीएफएसमध्ये २०१५ पासून जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट ३७ कंटेनरांमध्ये पडून होतं. त्या आठवड्यात ज्यांची घरं त्या बाजूला होती, ते आमचे सहकारी रात्री झोपले नसतील. मग घाईने लिलाव झाला आणि माल हैदराबादकडे गेला. माल पकडला गेला, कायद्याने जे करायचं ते सुरू झालं, पण पकडलेल्या मालाचं पुढे काय करायचं हा प्रश्न पाच वर्षं तिथेच राहिला. व्यापार सुलभ करण्याच्या चर्चेत जप्त मालाची विल्हेवाट हा विषय कुणी काढत नाही. तो काढला पाहिजे, कारण यार्डाची जागा आणि माणसांचा जीव दोन्ही त्यात अडकलेले असतात.

सगळी तपासणीच बंद करा, असं काही व्यापारी मित्र म्हणतात. त्यांच्याशी मी या एका गोष्टीवर भांडते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावांना, पत्र पाठवून पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जकात वाढवायला सांगितलं होतं. स्वस्त मीठ आलं की आपल्या मुलखातल्या मिठागरांचं आणि ते विकणाऱ्यांचं नुकसान होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. अंबत्तूरमध्ये नट-बोल्ट बनवणारा कारखानदार आज याच अडचणीत आहे. तोच बोल्ट कुणी निम्म्या किमतीचं इन्व्हॉइस दाखवून आणला, तर शुल्क बुडतंच, शिवाय याच्याकडचे कामगार घरी बसतात. माझा एक ग्राहक सुटे भाग आयात करणारा आणि दुसरा त्याच प्रकारचे भाग इथे घडवणारा, दोघे माझ्याच दिवाणखान्यात एकाच सकाळी येऊन गेले आहेत. दोघांचंही मला मनापासून पटलं. स्वच्छ मालाला लवकर सोडून जो वेळ आणि जी माणसं वाचतात, ती किंमत खोटी दाखवणाऱ्यांवर, रक्तचंदन लपवून पाठवणाऱ्यांवर आणि घातक रसायनांवर खर्च व्हायला हवीत. ती दुसरीकडे वळली तर सुलभतेला अर्थ नाही.

ब्रोकरचीही यात जबाबदारी आहे. २०१८च्या नियमांप्रमाणे ग्राहक खरा आहे का, त्याचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, आणि जीएसटी क्रमांक खरा आहे का, पत्त्यावर तो सापडतो का, हे तपासणं आमचं काम आहे. कुणी म्हणालं, "अक्का, तुम्ही फक्त भरा, बाकी मी बघतो," तर मी काम घेत नाही. ते काम दुसरा कुणी घेतो, हे माहीत असूनही.

९. सोयी खाली पोचायला हव्यात

एईओ, म्हणजे भरवशाचा व्यापारी म्हणून मिळणारा दर्जा, कागदावर सगळ्यांना खुला आहे. तपासणी कमी, वरच्या श्रेणीत शुल्क नंतर भरायची मुभा. लहान उद्योगांसाठी अटीही सैल केल्या, वर्षाला २५ऐवजी १० कस्टम कागदपत्रं पुरतात. तरी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते नाव ऐकलेलं नसतं. अर्ज भरायला बसलं की हिशेबाच्या वह्या, आवारातली सुरक्षा, कोण येतं-जातं याची नोंद, सगळं नीट करावं लागतं. त्यात दोन-तीन महिने जातात. मी सांगते, हे काम एईओसाठी म्हणून करू नका, तुमच्याच कारखान्यासाठी करा.

अण्णा नगरच्या सेकंड अव्हेन्यूजवळ राहणाऱ्या एक बाई हातमागाच्या साड्या परदेशातल्या ओळखीच्या बायकांना पाठवत. भेट म्हणून पाठवायच्या, खरं मूल्य लिहायच्या नाहीत, कारण निर्यातीचे कागद म्हणजे मोठ्या लोकांचं काम असं त्यांना वाटायचं. २०२२च्या अखेरीपासून टपालाने निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं आणि डाक निर्यात केंद्रात पार्सल देता येतं, फॉरेन पोस्ट ऑफिसला खेटे घालावे लागत नाहीत. आम्ही दोघींनी मिळून त्यांचा आयईसी काढला. तो पॅन आणि बँक खात्यावर घरबसल्या निघतो. मग साडीचं वर्णन लिहायला बसलो: सुती की रेशमी, हातमाग की यंत्रमाग, लांबी किती, जर खरी की कृत्रिम. त्या म्हणाल्या, "इतकं सगळं लिहायचं? मला तर हे सगळं पाठ आहे." मग त्यांनी स्वतःच एकेक साडी उलगडून मला सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेले. आता त्या खरं मूल्य लिहितात. पैसे बँकेत निर्यातीचे म्हणून येतात, आणि पुढच्या वर्षी त्यांना दोन विणकर कुटुंबांकडून थेट माल घ्यायचा आहे. परत आलेल्या साडीचं काय करायचं, पुन्हा आयात म्हणून शुल्क लागेल का, हा त्यांचा नवा प्रश्न आहे. त्याचे कागद आम्ही येत्या शनिवारी काढून बसणार आहोत.